जोझेफ स्टीव्हन्स आणि ब्रुसेल्सचे कुत्रे

चित्रकलेच्या राज्यातही मानाच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजअकादमीने त्या शिस्तीने मांडून दिल्या. धर्मकथा, पुराणे व इतिहास यांतील प्रसंग रंगविणारा सर्वांत वरच्या पायरीवर. त्याच्याखाली माणसांची व्यक्तिचित्रे काढणारा. त्याच्याही खाली पशुपक्षी व निसर्गदृश्ये काढणारे. आणि पंगतीच्या अगदी शेवटी फळे, फुले व भांडीकुंडी चितारणारा. हा क्रम पुढे जवळजवळ दोनशे वर्षे कलाशाळांतून, सरकारी खरेदीतून आणि प्रदर्शनांच्या भिंतींवरून पाळला गेला. त्यामुळे 'पशुचित्रकार' या शब्दाला एक प्रकारची सौम्य अवहेलना चिकटली ती चिकटलीच. असा मनुष्य हाताने कसबी असेल, परंतु त्याच्यापाशी विचार असण्याचे कारण नाही, असा त्या शब्दाचा ध्वनी असे.

आमच्या आजच्या लेखाचा विषय झालेला बेल्जियन चित्रकार जोझेफ स्टीव्हन्स (१८१६–१८९२) याने जन्मभर बहुतांशी कुत्रेच रंगविले. क्वचित माकडे, क्वचित घोडे वा गाढवे. परंतु नाव झाले ते कुत्र्यांमुळे. त्याचा धाकटा भाऊ आल्फ्रेड पॅरिसच्या रेशमी वस्त्रांतल्या स्त्रिया रंगवून इतका कीर्तिमान झाला की, 'स्टीव्हन्स' म्हटले म्हणजे आज कलेच्या इतिहासात आल्फ्रेडच समजला जातो. थोरल्याला इतिहासकार एखाद्या परिच्छेदात आटोपतात. आमच्या मते हा निवाडा फेरतपासणीस योग्य आहे. जोझेफच्या उत्तम चित्रांत अशी एक गोष्ट साधली आहे, जी त्याच्या काळातल्या त्याच्याहून प्रसिद्ध पशुचित्रकारांना साधली नाही, आणि जी आपल्यासारख्या, पशूंविषयी पूज्यबुद्धी बाळगणाऱ्या परंपरेतल्या वाचकांनाही पचविण्यास थोडी कठीण आहे. त्याने कुत्र्याला कुत्रा राहू देऊन त्याचे दुःख खरे मानले.

हे म्हणणे नीट समजण्यासाठी त्याच्या भोवतालचा काळ थोडा पाहिला पाहिजे. बेल्जियम १८३० साली स्वतंत्र झाले. नव्या राष्ट्राला आपल्या पराक्रमाची भव्य चित्रे हवी होती, आणि गुस्ताव्ह वापर्ससारख्या चित्रकाराने १८३० च्या सप्टेंबरमधील लढ्याचे प्रचंड चित्र रंगवून १८३५ मध्ये ती गरज पुरविली. निशाणे, जखमी वीर, आकाशाकडे उंचावलेले हात यांनी ती चित्रे गजबजलेली असत. ज्यांना इतका कोलाहल नको होता, अशा सुखवस्तू गृहस्थांसाठी दुसरा एक चित्रकार तयार होता. त्याचे नाव यूजीन व्हरबुकहोव्हन (मृत्यू १८८१). मूर्तिकाराचा मुलगा, हाताचा विलक्षण साफ, आणि मेंढ्यांच्या चित्रांत अजिंक्य. त्याच्या मेंढीच्या लोकरीचा एकेक पीळ मोजून घ्यावा. गोठ्यातल्या गवताची काडीही धुऊनपुसून ठेवलेली. इतर चित्रकारांनी रंगविलेल्या निसर्गदृश्यांत मेंढ्या व गाई बसवून देण्याचे कामही तो करी. मागणी मोठी असल्याने उत्पादनही मोठे, आणि उत्पादन मोठे म्हटल्यावर नकला आल्याच.

येथे आमच्यातला वकील जरा जागा होतो. व्हरबुकहोव्हनच्या अनेक चित्रांच्या पाठीमागे त्याच्या हातचा एक दाखला चिकटविलेला सापडतो: खाली सही करणारा असे जाहीर करतो की, पलीकडील चित्र अस्सल आहे. त्यावर गाव, वर्ष आणि सही. व्यवहाराच्या दृष्टीने ही तजवीज निर्दोष आहे, आणि खरेदीदाराच्या बाजूने उभे राहण्याचा प्रसंग आला तर त्या दाखल्याबद्दल आम्ही कृतज्ञच राहू. परंतु चित्राच्या पुढच्या बाजूला पाहताना मात्र असे वाटत राहते की, मेंढीसुद्धा एक दाखलाच आहे. ती निरोगी आहे, धष्टपुष्ट आहे, तिच्यात काही वैगुण्य नाही. मालक निर्धास्त असावा. ज्याला कायदा 'जंगम मालमत्ता' म्हणतो ती हीच मेंढी. तिच्या जागी एखादे सुबक कपाट रंगविले असते तरी चित्राच्या भावात फरक पडला नसता.

जोझेफ स्टीव्हन्सचा जन्म याच ब्रुसेल्स शहरातला. वडील लेओपोल्ड हे नेदरलंड्सचा राजा पहिला विल्यम याच्या सैन्यात राहून नेपोलियनच्या विरुद्ध लढलेले. पुढे चित्रांचे संग्राहक. आईच्या माहेरचे लोक ब्रुसेल्समध्ये एक कॉफीगृह चालवीत, आणि तेथे राजकारणी, लेखक व कलावंत यांची ऊठबस असे. तीन भाऊ चित्रांच्याच वातावरणात वाढले: जोझेफ व आल्फ्रेड चित्रकार झाले, तिसरा आर्थर चित्रांचा व्यापारी व समीक्षक. जोझेफचे रीतसर शिक्षण मात्र बेताचेच. त्याला मार्गदर्शन केले ते लुई रॉब याने. हा रॉब (१८०६–१८८७) गाईबैलांचा चित्रकार होता, आणि व्यवसायाने वकील होता! आमच्या धंद्यातील माणसांवर रुक्षपणाचा आरोप वारंवार होतो म्हणून ही नोंद येथे मुद्दाम करून ठेवतो. असो. जोझेफची खरी शाळा मात्र ब्रुसेल्सचा रस्ता हीच होय.

त्या रस्त्यावर कुत्रे काय करीत होते, हे सांगणे अवश्य आहे. कारण आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांपुढे देवळाच्या पायरीशी ऊन खात पडलेला निरुद्योगी कुत्रा येणे साहजिक आहे. ब्रुसेल्सचा कुत्रा हा कामकरी होता. बेल्जियममध्ये दूध, भाजी, वाळू असा माल लहान गाड्यांवर घालून त्या गाड्यांना कुत्रे जुंपण्याची चाल होती. घोडा बाळगण्याची ऐपत नसलेला मनुष्य कुत्रा बाळगी. त्यासाठी थोराड हाडापेराच्या, रुंद छातीच्या कुत्र्यांची एक निराळी जातच तेथे होती. तिचे काम संपल्यावर ती जातही नामशेष झाली. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, म्हणजे १९१४ मध्ये, बेल्जियन सैन्याच्या मशीनगनसुद्धा कुत्र्यांनीच ओढल्या होत्या. अशा देशात कुत्र्याचे चित्र काढणे म्हणजे शिकारखान्याचे वा दिवाणखान्याचे चित्र काढणे नव्हे.

फ्लेमिश चित्रकलेत कुत्रे पूर्वीही विपुल आहेत. सतराव्या शतकात अँटवर्प येथील फ्रान्स स्नायडर्स आणि यान फाइट यांनी शिकारी कुत्र्यांचे कळप असे रंगविले आहेत की, त्यांच्या झेपेचा वारा अंगाला लागावा. स्टीव्हन्सने त्यांच्यापासून खूप घेतले: तो जाडसर, रसदार रंगाचा लेप, तो ऊबदार तपकिरी सूर, केसाळ पाठीवरून ब्रश फिरविण्याची ती मस्त सढळता. व्हरबुकहोव्हन एकेक केस काढतो. स्टीव्हन्स पाठ काढतो, आणि केस आपोआप दिसतात. परंतु त्या जुन्या उस्तादांचा कुत्रा राजेरजवाड्यांच्या वैभवाचा भाग होता. स्टीव्हन्सने तीच उमरावी रंगसामग्री उचलली आणि ती उकिरड्यावरच्या कुत्र्यावर खर्च केली. आमच्या समजुतीप्रमाणे त्याची पहिली बंडखोरी ती हीच.

'ब्रुसेल्स, सकाळी' हे त्याचे चित्र १८४८ सालचे. आज ते ब्रुसेल्सच्या राजकीय कलासंग्रहालयात आहे. पहाटेची मळकट वेळ, शहर अजून पुरते जागे नाही, आणि घराबाहेर टाकलेल्या केरकचऱ्यावर कुत्रे जमले आहेत. चित्राचा एवढाच विषय. कोणी मनुष्य येऊन त्यांना हाकलीत नाही, कोणी दयाळू बालिका पावाचा तुकडा पुढे करीत नाही. कथानकाच्या नावाने काहीही नाही. आहे ती केवळ भूक, आणि भुकेला लागणारी एकाग्रता. ज्याने उपाशी प्राण्याला अन्न हुंगताना पाहिले आहे त्याला ही एकाग्रता ओळखता येईल: त्या वेळी त्याला जगात दुसरे काहीही नसते. १८४८ हे वर्षही ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या साली युरोपभर राज्यक्रांत्यांचा वणवा पेटला होता. कूर्बेचे 'दगडफोडे' हे चित्र, ज्याच्यापासून वास्तववादी चित्रकलेचा आरंभ मानण्याची प्रथा आहे, ते १८४९ चे. आणि ते ब्रुसेल्सकरांनी पाहिले १८५१ च्या प्रदर्शनात. म्हणजे बेल्जियममध्ये दारिद्र्य हा चित्राचा गंभीर विषय होऊ शकतो, हे कूर्बेच्या आगमनापूर्वी एका पशुचित्रकाराने दाखवून दिले होते. पहिल्या पायरीवरचे लोक निशाणे रंगविण्यात गुंतले असता, खालच्या पायरीवरून हे घडले.

त्यानंतर १८५२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याचे एक चित्र लागले. त्याचे फ्रेंच नाव मराठीत आणायचे तर 'कुत्र्याची चाकरी' असे काहीसे होईल. आणि खाली जोडनाव, 'ब्रुसेल्सच्या रस्त्यांची एक आठवण'. फ्रेंच भाषेत हा वाक्प्रचार माणसाला उद्देशून वापरतात. ज्या कामात कष्ट फार, मोबदला थोडा आणि मान शून्य, त्या कामाला ते 'कुत्र्याची चाकरी' म्हणतात. आपण 'कुत्र्याचे जिणे' म्हणतो तसेच. स्टीव्हन्सने काय केले, तर माणसांनी आपल्या तक्रारीसाठी उसने घेतलेले हे शब्द मूळ मालकाला परत केले. चित्रात वजनदार गाडीला जुंपलेले कुत्रे आहेत. नाव वाचून आपण माणसाची उपमा शोधू लागतो, आणि समोर प्रत्यक्ष कुत्रा उभा असतो. त्याला उपमेची गरज नाही.

हे चित्र फ्रान्समध्ये लागले त्याच्या दोनच वर्षे आधी, २ जुलै १८५० रोजी, तेथे पशूंच्या छळाविरुद्ध पहिला कायदा झाला होता. ग्रामों नावाच्या एका सेनापतीने तो मांडला म्हणून त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. पाळीव प्राण्यांना सार्वजनिक रीतीने व बेसुमार छळणाऱ्यास पाच ते पंधरा फ्रँक दंड, आणि एक ते पाच दिवसांची कैद होऊ शके. वाचकांनी 'सार्वजनिक रीतीने' या शब्दांवर जरा थांबावे. तबेल्याचे दार लावून घेऊन चाबूक चालविला तर गुन्हा नाही; चव्हाट्यावर चालविला तर गुन्हा. याचा अर्थ कायद्याला जनावराच्या पाठीपेक्षा पाहणाऱ्याच्या डोळ्यांची काळजी अधिक होती. ही अट निघण्यास १९५९ साल उजाडावे लागले. इंग्लंडने निराळी वाट धरली: १८३९ च्या पोलीस कायद्याने लंडनमध्ये, आणि १८५४ च्या कायद्याने देशभर, कुत्र्यांच्या गाड्यांनाच बंदी घातली. बेल्जियममध्ये मात्र गाड्या चालूच राहिल्या, कारण गरिबाचा संसार त्यांवर चालत होता.

या दोन्ही कायद्यांच्या मधोमध स्टीव्हन्सचे चित्र उभे आहे, आणि ते कोणत्याच बाजूचा युक्तिवाद करीत नाही. गाडीचा मालक राक्षस आहे असे ते म्हणत नाही. फिर्यादी, आरोपी, न्यायाधीश यांपैकी एकही पात्र त्यात नाही. साक्षीदार तेवढा आहे. कोर्टातल्या अनुभवावरून सांगायचे तर उत्तम साक्षीदार तोच, जो विचारल्यावाचून रडत नाही. प्रतिष्ठित वर्गाला रस्त्यावर जे दिसू नये म्हणून कायदा करावा लागला, तेच या चित्रकाराने सोनेरी चौकटीत बसवून त्या वर्गाच्या डोळ्यांसमोर टांगले. फ्रेंच सरकारने ते विकतही घेतले, ही त्या सरकारची तारीफच समजली पाहिजे.

आता तुलनेसाठी इंग्लंडच्या लँडसीअरकडे पाहावे. त्या काळातला कुत्र्यांचा सर्वांत लोकप्रिय चित्रकार तोच. 'वृद्ध धनगराचा मुख्य शोककर्ता' या १८३७ च्या चित्रात मेलेल्या धन्याच्या पेटीवर हनुवटी टेकून बसलेला कुत्रा आहे. कारागिरी अप्रतिम, आणि ते पाहून एका पिढीने डोळे पुसले. त्याच्याच दुसऱ्या एका चित्रात एक पांढराशुभ्र केसाळ कुत्रा न्यायाधीशाच्या थाटात खुर्चीत बसला असून भोवती नाना जातींचे कुत्रे वकील-कारकून होऊन उभे आहेत. ते पाहून आम्हाला हसू आले हे नाकारीत नाही. ओळखीचे काही चेहरेही त्यात सापडले. परंतु या दोन्ही चित्रांचे रहस्य एकच: लँडसीअरचा कुत्रा म्हणजे कुत्र्याच्या कातड्यातला मनुष्य. तो दुःख करतो तेही माणसासारखे, म्हणूनच आपल्याला त्याची दया येते. ज्या क्षणी तो माणसासारखा दिसणार नाही त्या क्षणी आपली दया आटणार, असा या कलेचा अलिखित करार आहे.

स्टीव्हन्सने हा करार नेहमीच मोडला असे मात्र आम्हाला म्हणता येत नाही. माशीकडे टक लावून बसलेला कुत्रा, आरशात आपलेच रूप पाहून चकित झालेला कुत्रा, ही त्याची चित्रे ब्रुसेल्सच्या संग्रहालयात लोकप्रिय आहेत. रंगांची हाताळणीही त्यांत देखणी आहे. परंतु त्यांत चित्रकार प्रेक्षकाला कोपराने ढोसून 'पाहिलेत का?' असे विचारतो आहे, असा भास होतो. माकडांच्या चित्रांत तर हा दोष अधिकच. गिऱ्हाइकाला गंमत हवी असे, आणि चित्रकारालाही चूल असते. त्याशिवाय त्याचा तो तपकिरी सूर सरसकट वापरला गेल्याने काही चित्रे आज काळवंडल्यासारखी वाटतात. एवढे उणे पदरात घालूनही, रस्त्यावरची, बाजारातली आणि जुंपलेल्या कुत्र्यांची त्याची चित्रे उरतातच. पॅरिसच्या कुत्रेबाजाराचे त्याचे चित्र पाहावे: विकावयास बसलेले ते जीव, आपले काय चालले आहे याची कल्पना नसलेले, तरी काहीतरी अघटित घडते आहे हे नाकाने ओळखलेले. व्हरबुकहोव्हनने हाच बाजार रंगविला असता तर तो मालाच्या बाजूने रंगविला असता.

जोझेफ बरीच वर्षे पॅरिसमध्ये राहिला. तेथे आल्फ्रेडही होता. आल्फ्रेडने १८५५ च्या मोठ्या प्रदर्शनात एक चित्र लावले: भीक मागितल्यावरून एका फाटक्या स्त्रीला तिच्या लेकरांसह शिपाई बर्फातून तुरुंगाकडे नेत आहेत. नाव दिले, 'यालाच म्हणतात भटकेगिरी'. ते पाहून बादशहा तिसरा नेपोलियन अस्वस्थ झाला आणि या कामी पुन्हा सैनिक वापरू नयेत असा त्याने हुकूम दिला, असे सांगतात. ही कथा खरी असो वा रचलेली असो, त्या चित्रामागे थोरल्या भावाची सावली आम्हाला स्पष्ट दिसते. बेवारशी कुत्रे सात वर्षांपूर्वी येऊन गेले होते. आता बेवारशी माणसे आली. पुढे आल्फ्रेडने हा मार्ग सोडला आणि काश्मिरी शालींकडे वळला. जोझेफ कुत्र्यांपाशीच राहिला.

त्याला या निष्ठेचे एक फळ मिळाले, आणि ते साहित्याकडून. फ्रेंच कवी बोदलेअर १८६४ मध्ये ब्रुसेल्सला आला तो कर्जबाजारी, आजारी आणि चिडलेला. बेल्जियम देशावर आणि तेथील लोकांवर त्याने जी आग पाखडली आहे ती वाचून हसावे की हळहळावे कळत नाही. या सरसकट तिरस्कारातून जी मोजकी माणसे सुटली त्यांत जोझेफ स्टीव्हन्स होता. एके दिवशी ब्रुसेल्सच्या एका खानावळीत चित्रकाराच्या अंगात एक सुंदर जाकीट होते, उंची पण विटलेल्या रंगाचे. कवीला ते आवडले. चित्रकाराने ते तत्काळ उतरवून दिले. अट एवढीच की, कवीने गरिबांच्या कुत्र्यांवर काही लिहावे. त्या सौद्यातून जन्मलेले गद्यकाव्य 'चांगले कुत्रे' जून १८६५ मध्ये ब्रुसेल्सच्या वृत्तपत्रात आले. ते जोझेफ स्टीव्हन्सलाच अर्पण केले आहे. कवीच्या मृत्यूनंतर १८६९ मध्ये निघालेल्या त्याच्या गद्यकाव्यांच्या संग्रहातही शेवटचे स्थान त्याच रचनेला मिळाले. करारशास्त्राच्या दृष्टीने पाहता मोबदला पुरेसा होता की काय, याचा निर्णय वाचकांनी करावा. आमच्या मते जाकिटाचा इतका भाव जगात दुसऱ्या कोणास आला नसेल.

त्या रचनेत बोदलेअर दिवाणखान्यातल्या लाडावलेल्या कुत्र्यांना प्रथम हाकलून देतो आणि चिखलाने माखलेल्या, बेघर, कामकरी, डोंबाऱ्याबरोबर फिरणाऱ्या कुत्र्यांना आत बोलावतो. मध्यावर एका खोलीचे वर्णन येते: डोंबारी बाहेर गेला आहे, दरिद्री बिछाना, पेटलेली शेगडी, तीवर काहीतरी शिजते आहे, आणि झिजलेले खेळाचे पोशाख घातलेले दोन कुत्रे त्या भांड्यावर डोळे लावून बसले आहेत. ही खोली कवीने कल्पिलेली नाही. स्टीव्हन्सचे 'डोंबाऱ्याचे घर' हे चित्र त्या वेळी ब्रुसेल्समधील क्राब नावाच्या संग्राहकाकडे होते, आणि बोदलेअरने त्यावर टिपणही केले होते. चित्रकाराने पाहिले, आणि कवीने चित्रकाराच्या डोळ्यांनी पाहिले. दिवसभर लोकांच्या हास्याखातर दोन पायांवर नाचलेल्या त्या जिवांना त्या भांड्यातल्या अन्नाचा हक्क पोहोचतो की नाही, हा प्रश्न कवी विचारतो. चित्रकार प्रश्न विचारीत नाही. तो भांडे आणि डोळे यांतले अंतर तेवढे दाखवितो.

रचनेच्या शेवटाकडे बोदलेअरला असेही वाटून जाते की, अशा गरीब, कष्टाळू कुत्र्यांसाठी कोठेतरी एखादा निराळा स्वर्ग का नसावा? येथे आपल्या वाचकांना महाप्रस्थानिक पर्व आठवल्यावाचून राहणार नाही. भावंडे व द्रौपदी वाटेत पडली. शेवटपर्यंत मागून आला तो एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. धर्मराजाने रथ नाकारला. मग कुत्र्याचे रूप टाकून साक्षात धर्म प्रकट झाला. ही कथा कीर्तनात आली म्हणजे बुवा या प्रकटीकरणावर येऊन रंगतात, टाळ्या पडतात, आणि कुत्रा कोठे गेला हे कोणी विचारीत नाही. दत्तगुरूंच्या पायांशी चार श्वान असतात. ते चार वेद होत, असे आपल्याला लहानपणीच सांगितलेले असते. नामदेवांनी पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, ती त्या कुत्र्यात विठ्ठल दिसला म्हणून. या कथा आम्हाला प्रिय आहेत, आणि त्यांचा अधिक्षेप करण्याचा आमचा यत्किंचितही हेतू नाही. तरी एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. आपल्या श्रवणपरंपरेत कुत्र्याला मोल येते ते त्याच्यात दुसरे कोणीतरी आहे म्हणून. आत वेद नसतील, देव नसेल, धर्म नसेल, तर त्या निव्वळ कुत्र्याचे काय करावयाचे, याचे उत्तर आपण फारसे शोधीत नाही. देवळात श्वानमूर्तीला हार घालून बाहेर पडणारा भाविक पायरीवरच्या खरजुल्या कुत्र्याला काठी उगारतो, तेव्हा त्याच्या मनात कसलाही विरोध उत्पन्न होत नाही. कारण या कुत्र्यात आपण कोणाला पाहिलेलेच नसते.

परंतु धर्मराजाची कथा नीट वाचली तर ती कीर्तनातल्या कथेहून निराळी आहे, असे आमचे मत आहे. निर्णयाचा विचार करताना तो देण्याच्या वेळी न्यायाधीशासमोर काय होते एवढेच पाहावयाचे, हा आमच्या शास्त्रातला प्राथमिक नियम. धर्मराजाने रथ नाकारला तेव्हा त्याच्यासमोर धर्म नव्हता. होता तो कुत्रा. आपल्यावर विसंबून आलेला, हिमालयाच्या चढणीने थकलेला, निव्वळ कुत्रा. त्याच्यासाठी त्याने स्वर्ग नाकारला. प्रकटीकरण नंतरचे, त्याने निकालाला पुष्टी मिळते, निकाल त्यावर उभा नाही. स्टीव्हन्सला महाभारत ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि त्याच्या चित्रांत स्वर्ग, इंद्र वा रथ नाहीत. तथापि, इंद्राचा शब्द आणि धर्माचे प्रकटीकरण यांच्यामधला जो क्षण, ज्यात कुत्रा अजून कुत्राच आहे आणि तरीही टाकून देता येत नाही, त्या क्षणापाशी हा ब्रुसेल्सचा चित्रकार नेमका थांबला आहे. गाडीला जुंपलेल्या त्याच्या कुत्र्यांतून शेवटी कोणीही प्रकट होत नाही. लँडसीअर तेथे मनुष्य प्रकट करतो, व्हरबुकहोव्हन मालकाची संपत्ती प्रकट करतो. स्टीव्हन्सपाशी पट्टा, गाडी आणि खाली गेलेली मान एवढेच उरते. म्हणून ही चित्रे पाहताना समाधान होत नाही, आणि तसे ते होऊ नये हेच त्यांचे बळ आहे.

त्याच्यामागून आलेल्यांपैकी हेन्रिएट रॉनर-क्निप या बाईंचा उल्लेख केला पाहिजे. जन्माने डच, परंतु १८५० पासून ब्रुसेल्सला स्थायिक. गाडी ओढणारा कुत्रा मरून पडला आहे आणि म्हातारा वाळूवाला त्याच्यापाशी शोक करतो आहे, असे त्यांचे १८६० चे चित्र आहे: 'मित्राचा मृत्यू'. त्यात कणव अस्सल आहे. परंतु स्टीव्हन्सने जो मनुष्य चित्राबाहेर ठेवला होता तो येथे परत आला, आणि आपले लक्ष कुत्र्यावरून उडून म्हाताऱ्याच्या आसवांवर गेले. पुढे बाईंनी रेशमी गाद्यांवर खेळणारी मांजरे रंगविली व त्यांनाच युरोपभर मागणी आली. यान स्टोबार्ट्सने मात्र गोठे आणि खाटीकखाने यांच्या ओल्या अंधारात शिरून स्टीव्हन्सचा धागा पुढे नेला.

व्हरबुकहोव्हनच्या नावाचा एक मोठा चौक ब्रुसेल्सच्या स्खारबेक भागात आहे. लोक त्याला 'अस्वलांचा पिंजरा' म्हणून ओळखतात. स्टीव्हन्सची पहाटेची कुत्री आणि कुत्रेबाजार पाहावयाचा असेल तर ब्रुसेल्सच्या राजकीय संग्रहालयात जावे. 'कुत्र्याची चाकरी' मात्र तेथे नाही. फ्रेंच सरकारने घेतलेले ते चित्र रूआं शहराच्या संग्रहालयात आहे. ब्रुसेल्सच्या मनुष्याला आपल्या रस्त्यांची ती आठवण पाहण्यासाठी सरहद्द ओलांडून जावे लागते.